गाढवाला अकरा मतं

पाऊस सलग चौथ्या वर्षी तोंड दाखवून पळाला होता. केरढाणीतल्या खेजडीच्या झाडांवर हाताला येईल तेवढा पाला उरला नव्हता, आणि शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून सालं सोलत होत्या. गाव जयपूरपासून काही लांब नव्हतं. मालवीय नगराकडच्या नव्या घरांच्या विटांचे ढीग जिथं संपत, तिथून वाळूच्या वाटेनं तासभर चाललं की ही ढाणी, म्हणजे वस्ती, लागे. संध्याकाळी इथून शहराचे दिवे दिसत. पाणी मात्र दिव्यांसारखं लांबून येत नाही, ते टँकरनं यायचं, आणि टँकर सरपंचाच्या नोहऱ्यासमोरच, म्हणजे बैठकीच्या वाड्यासमोरच, थांबायचा.

सरकारनं तलाव खोदायचं काम काढलं होतं. घरटी एक माणूस, मजुरीत थोडे पैसे आणि बाकी गहू. त्या गव्हावर साठ-सत्तर चुली पेटत होत्या. दर पंधरवड्याला नव्यानं मस्टर लिहिलं जायचं. मस्टरवर नाव असलं तर घरात भाकरी, नसलं तर त्या घराकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

हे मस्टर लिहायचा कोंडिबा. तो मूळचा माण तालुक्यातला. लष्करात खोदकामाच्या पलटणीत होता, जयपूरच्या छावणीत असताना सुरुंगाच्या दणक्यानं त्याचा डावा कान गेला आणि मागोमाग नोकरीही गेली. गावी परत चला म्हणून मालननं पुष्कळ सांगून बघितलं. तो म्हणायचा, "एका दुष्काळातनं उठून दुसऱ्या दुष्काळात कशाला जायाचं? हितला तरी आता वळखीचा झालाय." सरपंच भगवानसहायनं त्याला विहिरीवरच्या पंपाची राखण दिली, पंपाला लागून असलेली खोली राहायला दिली, आणि हा फौजी माणूस लिहायला-वाचायला जाणतो, इथल्या कुठल्याच भाऊबंदकीत नाही, म्हणून तलावाच्या कामावर मेट, म्हणजे मुकादम, केला. सरपंच वाईट माणूस होता असं म्हणता येणार नाही. द्यायचा तेव्हा मोकळ्या हातानं द्यायचा, फक्त दिलेलं विसरायचा नाही.

मालन बालवाडी चालवायची. सातवी शिकलेली, हिंदी छावणीतल्या क्वार्टरांत राहून आलेलं. राजा पार्कात राहणाऱ्या विजयालक्ष्मीबाई विद्यापीठात शिकवत आणि एक संस्था चालवत. गणपतीत मराठी मंडळात त्यांची ओळख झाली आणि त्यांनी हे काम मालनला दिलं. पंचायतीच्या एका खोलीत सकाळी सात ते दहा तेवीस लहानमोठी पोरं जमायची. दहाला निम्मी शेळ्यांमागं जात, निम्मी आईच्या मागं तलावावर तगाऱ्या उचलायला. मालनची स्वतःची निशिगंधा त्या तेविसांतलीच एक, आठ वर्षांची, आईशी मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी.

जेठ महिन्यात सरपंचाची निवडणूक लागली, आणि विजयालक्ष्मीबाईंनी पुस्तकांचा गठ्ठा दिला.

"मुलांना लोकशाही लहानपणीच कळायला हवी, मालन," त्या म्हणाल्या. "आणि हसत-हसत कळायला हवी. तू बघच, किती मजा येते त्यांना."

मजा खरोखरच आली. गोष्टीत जंगलात निवडणूक लागते आणि तीन उमेदवार उभे राहतात: उंट, माकड आणि गाढव. उंटाला जाड काळ्या काडीचा चष्मा होता आणि तो सगळ्यांना पाणी आणून द्यायचं वचन देत होता. माकड झाडावर उलटं लटकून भाषण करत होतं. आणि गाढव डोक्याला पागोटं बांधून मंचावर चढतं, खिशातून भाषणाचा कागद काढतं, सगळं जंगल कान टवकारतं, आणि ते भाषण न करता कागदच खाऊन टाकतं. एवढं होतं आणि पोरं जमिनीवर लोळायला लागली. मालननं ते पान चार वेळा वाचून दाखवलं. चौथ्या वेळी तिलाच हसू आवरेना. चार महिन्यांत त्या खोलीत असं कुणी हसलं नव्हतं.

उंटाचं चित्र आलं तेव्हा शेजारच्या ग्यारसीचा कजोड उभा राहून ओरडला, "यो तो सरपंच!"

सरपंचाला तसलाच चष्मा होता. पोरं पुन्हा लोळली. मालननं कजोडला दटावून खाली बसवलं, पण दटावताना तिचेही ओठ हलत होते, आणि पोरांना ते बरोबर दिसलं.

नवव्या पानावर एक घुबड पेटीजवळ बसलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मत गुप्त असतं. गुप्त म्हणजे काय, पोरांनी विचारलं. "छाने-छाने," मालननं सांगितलं. "किसी को नहीं बताना. माँ को भी नहीं." मग तिनं कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या, ज्याला मत द्यायचं त्या प्राण्याचं चित्र काढायला सांगितलं आणि चित्राखाली प्रत्येकाला आपलं नाव लिहायला लावलं.

त्याचं असं होतं, की त्या महिन्याचा धडा नाव लिहिण्याचा होता. पोरं पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहायला शिकली होती आणि ते कुठंही, भिंतीवर, वाळूत, शेळीच्या पाठीवरसुद्धा लिहीत सुटली होती. शिवाय संस्थेचा नियम होता: महिन्याला एकदा मुलांच्या हातचं काहीतरी भिंतीवर लागलंच पाहिजे, म्हणजे तपासणीला येणाऱ्या बाईंना अक्षर बघता येतं. पेटी म्हणून ठेवलेल्या मडक्यातून मालननं चिठ्ठ्या काढल्या, मोजल्या, पोरांकडून मोजून घेतल्या. गाढवाला अकरा, उंटाला आठ, माकडाला चार. मग कणकेची खळ करून तिनं त्या तेवीसच्या तेवीस चिठ्ठ्या तीन ओळींत भिंतीवर चिकटवल्या, प्रत्येक ओळीवर त्या त्या प्राण्याचं चित्र. एका हातानं आपण काय शिकवलं आणि दुसऱ्या हातानं काय केलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. उलट मागं सरून तिनं ती भिंत कौतुकानं बघितली. अक्षरं वाकडी होती, पण एकाही पोरानं नाव चुकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी सरपंच खोली बघायला आला. मतदान तिथंच व्हायचं होतं, तेव्हा दारं-खिडक्या, पेटी ठेवायची जागा बघायची होती. बरोबर दोन-चार माणसं, आणि मस्टरची वही काखेत धरून कोंडिबा.

भिंतीपुढं सरपंच थांबला. मालन पदर सावरून बाजूला उभी राहिली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"ये क्या है, बहनजी?"

मालननं सांगितलं. सांगताना गाढव कागद खातं तिथं ती हसली. सरपंचही हसला. मग चष्मा कपाळावर सरकवून भिंतीच्या अगदी जवळ गेला आणि एक-एक नाव वाचू लागला. "कजोड. नाथी. बन्ना. धापू..." गाढवाची ओळ त्यानं सावकाश, बोट ठेवून वाचली.  अकरावं नाव वाचून त्यानं कोंडिबाकडं बघितलं.

"निशिगंधा. ये तो तुम्हारी है, फौजी?"

कोंडिबाला डाव्या कानानं नीट ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही त्यातली मेख कळली नाही, कुणास ठाऊक. तो म्हणाला, "जी, साब."

"बच्चे झूठ नहीं बोलते," सरपंच म्हणाला, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "घर में जो सुनते हैं, वही लिखते हैं. अच्छा पढ़ाती हो, बहनजी."

जाताना तो दाराच्या चौकटीला हात लावून बघायला विसरला नाही. चौकट जुनी झाली होती, ती बदलायला हवी असं त्यानं कुणाला तरी सांगितलं.

सोमवारी नवं मस्टर निघायचं होतं. रविवारी दुपारी कोंडिबा खाटेवर मांडी घालून वही घेऊन बसला, टोपण काढलं आणि बसूनच राहिला. बाहेर झळा वाहत होत्या. पंप बंद होता, कारण विहिरीत पंपाला ओढण्याजोगं काही नव्हतं.

"काय झालं?" मालननं विचारलं.

"धा नावं लिवायची न्हाईत."

"कुणाची?"

 त्यानं खिशातला कागद काढून खाटेवर टाकला. सरपंचाच्या मुलाच्या अक्षरात दहा पोरांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढं त्याच्या बापाचं; तळाशी एक ओळ खोडलेली. पोरांची नावं त्याच क्रमानं होती, ज्या क्रमानं तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.  मालन खाली बसली.

"अवं, पण ती पोरं हायती. त्यास्नी काय कळतंय? गाढव कागूद खातं म्हनून..."

"मला नगं सांगू."

"तुमी सांगा की त्यास्नी."

"म्या सांगिटलं. त्यो म्हनला, चष्म्याचा उंट म्हंजी मी, आन् छीतरमलनं घरोघर जाऊन पोरास्नी गूळ वाटलाय, त्याचंच हे गाढव." छीतरमल म्हणजे सरपंचाच्या विरुद्ध उभा राहिलेला, कंपाउंडरकीतून निवृत्त झालेला माणूस. "म्हनला, धा घरं आपसूक कळली, मला हिंडाया लागलं न्हाई."

"मग लिवू नका. तसंच ठेवा मस्टर."

कोंडिबानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच मालनला सोसवेना. "आपल्या पोरीचं नाव त्या कागदावर अकरावं हुतं," तो म्हणाला. "त्यानं माझ्याम्होरं खोडलं. म्हनला, बच्ची है. आता तू सांग, काय लिवू?"

  ही खोली सरपंचाची, पंप सरपंचाचा, मस्टर सरपंचाच्या सहीचं. कोंडिबानं वही मांडीवर घेतली आणि लिहायला सुरुवात केली. दर नावाला तो आधीच्या मस्टरवर बोट ठेवायचा, मग नव्यात लिहायचा. काही ठिकाणी बोट न थांबता पुढं सरकायचं. मालन बोट बघत बसली. ग्यारसीच्या घराशी आल्यावर ते जरा अडखळलं, मग तेही पुढं गेलं.

ग्यारसी त्यांची शेजारीण. तिचा नवरा दगडाच्या खाणीत काम करून छातीत धूळ भरून बसला होता. चार पावलं चालला की भिंत धरायचा. घरात कमावते हात तिचेच दोन. निशिगंधा झाली तेव्हा मालनला तेल लावून आंघोळ घालायला हीच आली होती, आणि एक पैसा घेतला नव्हता.

सोमवारी सकाळी सहा वाजता तलावावर हजेरी झाली. मालन बालवाडीकडं जाताना मुद्दाम बांधावरून गेली. जायला नको होतं, पण गेल्यावाचून राहवलं नाही. खाली तळात रांगा लागल्या होत्या. चौकड्यांच्या आखलेल्या रेषा, कुदळी, उलट्या ठेवलेल्या तगाऱ्या. कोंडिबा नाव पुकारत होता. ग्यारसी डोक्यावर चुंबळ ठेवून, तगारी कमरेला लावून उभी होती. नावं संपली. ज्यांची आली ती माणसं खड्ड्यात उतरली, आणि दहाजण वरच राहिले. आधी त्यांना वाटलं, आपल्याला ऐकू आलं नाही.

"फौजी भैया, म्हारो नाम?" ग्यारसीनं विचारलं.

"नहीं है."

"फेर देखो."

कोंडिबानं वही उघडून पुन्हा बघितली. काय असणार होतं त्यात? तरी त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं. "नहीं है, बाई," तो म्हणाला. ग्यारसी गेली नाही. ती खड्ड्यात उतरली आणि रोजच्या जागी माती भरायला लागली. न सांगता, न विचारता दुपारपर्यंत तिनं चाळीसेक तगाऱ्या वाहिल्या. आपण काम करतोय हे दिसलं की नाव आपोआप येईल, असं तिला वाटलं असावं. दुपारी सरपंचाचा मुलगा आला आणि त्यानं तिच्या हातातली तगारी काढून घेतली.  मग ती वर आली आणि बांधावर बसून राहिली.

का, ते दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या गावाला कळलं. त्या दिवशी बालवाडीत नऊच पोरं आली. कजोडच्या पाठीवर घरच्या माराचे वळ होते. धापूचा ओठ सुजला होता. मालननं भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या. खळ पक्की बसली होती, त्यामुळं कागद फाटून निघायचा आणि नाव भिंतीवरच राहायचं. तिनं ओल्या फडक्यानं घासलं, नखांनी खरवडलं. खिडकीत उभी राहून निशिगंधा बघत होती.

"आई, मतलब... माझ्यामुळे झालं का?"

"न्हाई गं."

"पण मी गधाला वोट दिला ना. मला तो छान वाटला."

"मलाबी वाटला हुता," मालन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

ती राजा पार्कात विजयालक्ष्मीबाईंकडं गेली. वाळूची वाट, मग दोन बसा. बाईंनी तिला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला.

"नावं? पण नवव्या पानावर स्पष्ट लिहिलंय ना, की गुप्त..."

"मी वाचून दाखवलं ते, बाई."

बाईंनी डोक्याला हात लावला. त्या भल्या होत्या, त्यांनी मालनला एका शब्दानं दुखावलं नाही. लगेच कुठल्या तरी ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडून सांगितलं गेलं की निवडणूक होईपर्यंत सगळी माणसं त्याच कामात आहेत, मस्टरबद्दल लेखी तक्रार आली तर नंतर बघता येईल, तक्रारीवर मजुराची सही हवी. बाईंनी कागद काढला, स्वतः अर्ज लिहून दिला. मालन तो घेऊन ग्यारसीकडं गेली. ग्यारसीनं कागदाकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

"नाम कोनै मांडूं," ती म्हणाली. नाव लिहिणार नाही. "एक बार टाबर नाम मांड आयो, बहनजी. बस." माझं पोर एकदा नाव लिहून आलं, तेवढं पुरे.

मग मालन सरपंचाकडंच गेली. नोहऱ्यात पाच-सहाजण हुक्का घेऊन बसले होते. तिला कुणी बस म्हणालं नाही, आणि ती बायकांच्या बाजूला जायला तयार नव्हती, म्हणून मध्येच उभी राहिली. उन्हातून आल्यामुळं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तिनं हात जोडले.

"साब, बच्चों ने घर का सुनके नहीं लिखा. उस किताब में... गधे ने अपना भाषण खा लिया था. इसलिए उनको हँसी आई. इतनी ही बात है, साब."

बोलताना तिचं तिलाच ते खुळचट वाटलं. दहा घरांच्या भाकरीची बाजू मांडायला ती आली होती, आणि तिच्या हातात काय होतं, तर कागद खाणारं गाढव.

"तो मैं भी भाषण खा लूँ?" सरपंच म्हणाला, आणि सगळा नोहरा हसला. मालनही हसली. का हसली ते तिला कधीच कळलं नाही, पण हसली खरी, आणि पुढं किती तरी दिवस ते आठवून तिच्या कानशिलांत आग व्हायची.

"फिर से करवा लो चुनाव," सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाला. "देखें, बच्चे क्या कहते हैं."

तिनं ते खरं मानलं. बुडणारा माणूस कशाकशाला धरतो! दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली, तेवीसच्या तेवीस पोरं गोळा केली. पुस्तक उघडलं नाही. नुसत्या चिठ्ठ्या वाटल्या. काय काढायचं ते तिनं सांगितलं नाही, तिची जीभ तेवढी वळली नाही. सांगायची गरजही नव्हती. पोरं माना खाली घालून चित्र काढत होती, कुणी कुणाच्या कागदात डोकावत नव्हतं. मडक्यातून तेवीस उंट निघाले. सगळ्यांना चष्मे होते. खाली नावं होती, आधीपेक्षा मोठ्या अक्षरांत, कजोडनं तर बापाचंही नाव घातलं होतं. त्याला ते नुकतंच कुणीतरी घरी शिकवलं असावं.

मालन चिठ्ठ्या घेऊन धावत गेली. सरपंचानं चष्मा वर सरकवून चार-पाच बघितल्या आणि बाकीच्या तशाच परत दिल्या.

"ये तो सिखाए हुए हैं, बहनजी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. "अब तो मतदान के दिन ही देखेंगे. उसके बाद मस्टर में सबका नाम आ जाएगा, क्यों नहीं आएगा? तुम वहीं रहना. तुम्हारा नाम दिया है मैंने, पर्देवाली औरतों की पहचान के लिए."

दहा घरांनी ते दोन आठवडे कसे काढले ते विचारू नये. कुणी शेळ्या विकल्या. एका घरातली थोरली पोर शहरात वैशाली नगराकडं बांधकामावर गेली आणि तिकडंच राहिली. मालन पदराखालून गव्हाचं पीठ घेऊन ग्यारसीकडं जायची. पहिल्यांदा ग्यारसीनं घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून खोकत होता. तिसऱ्यांदा ग्यारसीनं दार उघडलं नाही, आणि आतून कजोडचा आवाज आला की आई घरी नाही.

दारापाशी उभी राहून मालननं त्याच्याकडून निरोप दिला. मोठ्यांच्या मतावर नाव नसतं. खरंच गुप्त असतं. ज्याला द्यायचं त्याला द्या, कुणाला कळत नाही.

 आतून ग्यारसीच बोलली, ती घरातच होती. "थे टाबरां नै भी या ही कही छी." तुम्ही पोरांनाही हेच सांगितलं होतं.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून लूच्या झळा वाहत होत्या. बालवाडीच्या खोलीत टेबलं लागली. शहरातून आलेला अधिकारी गळ्याभोवती ओला पंचा टाकून यादीत मान घालून बसला होता. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागं शिक्का. मधोमध पेटी. मालनला आडोशाजवळ स्टूल दिलं होतं. बाई आली की तिनं पदराआड बघायचं, ओळखायचं आणि मान हलवायची, म्हणजे अधिकारी पुढं जायचा. दाराशी सरपंचाचा मुलगा एजंट म्हणून बसला होता. छीतरमलचा एजंट सकाळी होता, नऊनंतर दिसला नाही.

बायकांची रांग लागली. अधिकारी मोठ्यानं नाव पुकारायचा, दुसरा यादीत खूण करायचा, तिसरा मतपत्रिकेच्या उरलेल्या तुकड्यावर अंगठा उठवून घ्यायचा आणि बोटाला शाई लावायचा. मालनला ते सगळं त्या बायकांच्या डोळ्यांनी दिसायला लागलं. नाव विचारलं, नाव लिहिलं, अंगठा घेतला, आणि त्याच हातात मत दिलं. आता हे गुप्त आहे असं कुणाला आणि कोणत्या तोंडानं सांगायचं?

साडेदहाच्या सुमाराला ग्यारसी आली. अंगावर धुतलेलं लुगडं, घुंगट छातीपर्यंत. मालननं पदराआड बघितलं. ग्यारसीचे गाल आत गेले होते. मालननं मान हलवली. ग्यारसी आडोशामागं गेली. शिक्का उमटल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, पण पेटीकडं वळली नाही. सरळ मालनच्या स्टुलापाशी आली आणि दोन्ही हातांनी मतपत्रिका उघडी धरून तिच्यापुढं उभी राहिली.

छत्रीवर शिक्का होता. छत्री सरपंचाची.

"घडी कर," मालन पुटपुटली. "मोड़ो इसको. किसी को नहीं दिखाना."

ग्यारसी हलली नाही. अधिकाऱ्यानं मान वर केली, "बाई, पेटी में डालो" म्हणाला आणि पुढचं नाव शोधायला लागला. दाराशी सरपंचाचा मुलगा इकडं बघतही नव्हता. त्याला बघायची गरजच नव्हती.

मालननं डोळे मिटले. एवढंच तिच्या हातात होतं, ते तिनं केलं. मिटल्या डोळ्यांपुढं लाल-लाल दिसत होतं, आणि ग्यारसीचा श्वास ऐकू येत होता.

"देखो तो सही, बहनजी," ग्यारसी अगदी हळू, जवळजवळ लाडीगोडीनं म्हणाली. त्या आवाजात राग असता तर मालनला बरं वाटलं असतं. "थे देखोला कोनै, तो बानै काईं कहोला?"

तुम्ही बघितलंच नाही, तर त्यांना सांगाल काय?

मालननं डोळे उघडले. छत्रीकडं बघितलं आणि मान हलवली. ग्यारसीनं सुटकेचा श्वास सोडला, कागदाची घडी घालून पेटीत टाकला आणि बाहेर गेली. ओट्यावरच्या रांगेत तिचा आवाज आला. ती बाकीच्या बायकांना सांगत होती, की भिऊ नका, बहनजी आत बसल्यात, त्यांना दाखवून टाका म्हणजे झालं.

पुढची बाई आडोशामागून निघाली ती कागद उघडा धरूनच. तिच्यामागं धापूची आई होती, तिच्यामागं बन्नाची. मालन एकेकीचा कागद बघत होती आणि मान हलवत होती.